आपला पी. बी. रोड : कागल ते बेळगाव

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. थोडी काटछाट सोडली तर बोललं तसंच ठेवलं आहे.)



सीमाप्रश्नावर बोलायला माझ्यापेक्षा जाणती माणसं उद्या येणार आहेत. मी भूगोलाचा मास्तर. पस्तीस वर्षं मराठी शाळेत नकाशे टांगले आणि उतरवले. त्यामुळं आज मी फक्त एका रस्त्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही इथं ज्या रस्त्यानं आलात, तोच. कुणी कोगनोळीहून आलंय, कुणी सौंदलग्याहून, कुणी संकेश्वरहून, कुणी काकतीहून. सगळे एकाच डांबरावरनं आलात.

मोबाईलच्या नकाशात त्याचा नंबर ४८ दिसतो. आपण मात्र अजून 'एनएच फोर'च म्हणतो, आणि आपले आजोबा 'पी. बी. रोड' म्हणतात. पी. बी. म्हणजे पूना-बँगलोर. निपाणीत, बेळगावात, हुबळीत, कुठंही जा, 'जुना पी. बी. रोड' नावाचा एक रस्ता गावातनं जातोच. २०१० साली देशातल्या महामार्गांचे नंबर नव्यानं लावले, तेव्हा ४ चा ४८ झाला. नंबर दिल्लीत बदलला, आपल्या तोंडातला बदलला नाही. असो.

हा रस्ता मुळात कुणाचा, इथनं सुरुवात करू. पेशवाईच्या शेवटी, १८१८ साली, मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला आणि तिथं इंग्रजांची छावणी बसली. पुण्यात छावणी, बेळगावात छावणी. मध्ये पलटणी चालायला, तोफा ओढायला, टपाल न्यायला पक्का रस्ता पाहिजे. बेळगाव जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर १८८४ चं आहे. त्यात हा रस्ता 'पुणे-हरिहर रस्ता' म्हणून येतो. हरिहर म्हणजे तुंगभद्रेचा काठ. मुंबई इलाखा तिथं संपायचा आणि पलीकडं म्हैसूर संस्थान सुरू व्हायचं. म्हणजे सीमा तेव्हाही होती. पण ती तुंगभद्रेवर होती. हे डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता रेल्वे. १८८०-९० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं पुण्याहून खाली रूळ टाकले. ते कुठनं गेले? मिरज, कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक, बेळगाव. नकाशावर बोट फिरवा, रूळ पूर्वेकडनं वळसा घालून जातात. कोल्हापूरला मिरजेहून एक फाटा मिळाला. कागल, निपाणी, संकेश्वर हा सगळा पट्टा कोरडा राहिला. आजही निपाणीला रेल्वे नाही. मागणी माझ्या वडिलांच्या काळापासून ऐकतोय.

मुलांना मी वर्गात विचारायचो, निपाणीला रेल्वे नाही याचा परिणाम काय झाला सांगा. एक पोरगं म्हणालं, "सर, त्यामुळं आम्ही रेल्वे बघायला मिरजेला जातो." तेही खरं. पण मोठा परिणाम असा की या पट्ट्याचं सगळं जगणं एका रस्त्याच्या गळ्यात पडलं. तंबाखू रस्त्यानं, गूळ रस्त्यानं, मिरची रस्त्यानं, दवाखाना रस्त्यानं, कॉलेज रस्त्यानं. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. पोट दुखलं तर माणूस कुठं जाणार हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नाही.

निपाणीला आडवा रस्ताही आहे. देवगडहून फोंडा घाट चढून राधानगरीवरनं येणारा रस्ता निपाणीला येऊन मिळतो, आणि पलीकडं चिकोडीकडं वाट जाते. कोकणचा माल वर आणि देशावरचा माल खाली, अशी ती वाट. सिद्धोजीराव नाईक निंबाळकरांनी, म्हणजे आप्पा देसाई निपाणीकरांनी, इथं बाजारपेठ वाढवली ती उगीच नव्हे. दोन वाटा जिथं एकमेकींना छेदतात तिथं बाजार भरतो.

आता सीमेकडं येऊ. कागल आणि कोगनोळीच्या मध्ये दूधगंगा आहे. आज नदीच्या अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं कर्नाटक. तुम्हाला वाटतं ही सीमा १९५६ ला जन्मली. तसं नाही. इंग्रजांच्या काळातही इथं सीमा होती. कागल हे कोल्हापूर संस्थानात, आणि कोगनोळी, निपाणी हे चिकोडी तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे खालसा मुलखात. अलीकडं छत्रपतींचं राज्य, पलीकडं कलेक्टरचं. पण दोन्हीकडं बाजाराची भाषा एक, सोयरीक एक, आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची यात्रा एक.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्या दिवशी दूधगंगेवरची सीमा पुसली गेली. पुण्यापासून धारवाडच्या पुढपर्यंत हा रस्ता एकाच राज्यात आला. हे किती वर्षं टिकलं? साडेसात वर्षं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि सीमा परत दूधगंगेवर येऊन बसली. गंमत अशी की राज्य पुनर्रचनेचा कायदा ३१ ऑगस्ट १९५६ चा आणि राष्ट्रीय महामार्गांचा कायदा ११ सप्टेंबर १९५६ चा. अकरा दिवसांचं अंतर. एका कायद्यानं रस्ता तोडून दोन राज्यांत वाटला, दुसऱ्यानं तोच रस्ता अख्खा उचलून केंद्राकडं दिला. त्या दुसऱ्या कायद्याच्या परिशिष्टात पुणे, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, मद्रास अशी नावं एका ओळीत आहेत. आपल्या दारातला रस्ता तेव्हापासून दिल्लीचा आहे. खड्डा पडला तर बेळगावला ओरडून उपयोग नाही आणि कोल्हापूरला ओरडून तर मुळीच नाही.

आता १९८१. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे घरात कुणी सांगितलेलं नसतं.

तंबाखूचं पीक तुम्ही बघितलंय. रोप लावायचं, शेंडा खुडायचा, फुटवे काढत राहायचं, मग कापून वाळवायचं. हाताला तो चिकट काळा थर बसतो, साबणानं जात नाही. एवढं करून माल व्यापाऱ्याच्या वखारीत जायचा आणि दर व्यापारी सांगेल तो. वखारीत चाळणीवर काम करणाऱ्या बायांची अवस्था त्याहून वाईट. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात. सुभाष जोशी सरांनी त्या बायांची आणि विडी कामगारांची संघटना बांधली होती. शरद जोशी चाकणला कांद्याचं आंदोलन करून नाव झालेले होते. ते निपाणीला आले. मार्च १९८१ मध्ये तंबाखूच्या दरासाठी हजारो शेतकरी निपाणीजवळ याच महामार्गावर येऊन बसले.

मी नववीत होतो. घरनं भाकरीचं गठुळं घेऊन थोरल्या भावाबरोबर रोज तिथं जायचो. रस्त्यावर बैलगाड्या सोडलेल्या, कडेला चुली मांडलेल्या, बाया-पोरं सगळी तिथंच. लोकांनी त्या जागेला 'आंदोलननगर' म्हणायला सुरुवात केली. तीन आठवड्यांवर ते नगर तिथं होतं. मुंबई-मद्रास वाहतुकीचा रस्ता, आणि त्यावर माणसं भाकऱ्या भाजतायत. संध्याकाळी भाषणं व्हायची. चिकोडीकडचे, हुक्केरीकडचे कन्नड बोलणारे शेतकरीही बसलेले. भाषण मराठीत झालं की शेजारचा माणूस त्यांना कन्नडमध्ये सांगायचा. तंबाखूचा दर दोन्ही भाषांत सारखाच कमी होता, त्यामुळं भाषांतर सोपं जायचं.

६ एप्रिलला पोलीस आले. पुढाऱ्यांना धरलं, अश्रुधूर सोडला, लाठ्या चालल्या आणि गोळीबार झाला. डझनभर शेतकरी गेले. त्यावेळी राज्यात गुंडूराव मुख्यमंत्री होते. त्या दिवशी आईनं मला घरातनं सोडलं नव्हतं. संध्याकाळी भाऊ आला तो अनवाणी. चप्पल कुठं गेली हे त्याला सांगता येईना. दुसऱ्या दिवसापासून रस्ता परत सुरू. ट्रक जायला लागले. आजही निपाणीत ६ एप्रिलला त्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. तुम्ही त्या दिवशी रजा काढून या असं मी म्हणत नाही. पण निपाणी बायपासवरनं ताशी शंभरनं जाताना आपण कुठनं जातोय, एवढं माहीत असू द्या.

चौपदरीकरणाचं थोडक्यात सांगतो. वाजपेयींच्या सरकारनं सुवर्ण चतुष्कोन योजना काढली. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा चौकोन. आपला रस्ता त्याच्या मुंबई-चेन्नई बाजूवर पडला. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी वडाची झाडं गेली. गाड्या गावात शिरायच्या बंद झाल्या आणि जुन्या पी. बी. रोडवरची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, पानपट्ट्या ओस पडल्या. त्याचवेळी तवंदी घाटातले अपघात आणि वेळ दोन्ही कमी झाले, हेही मान्य केलं पाहिजे. पूर्वी स्तवनिधीच्या चढाला एक ट्रक बंद पडला की मागं लग्नाचं अख्खं वऱ्हाड अडकायचं. आता बेळगावला सकाळी जाऊन काम करून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. आता सहापदरीकरण चाललंय. धूळ तुम्ही रोज खाताच.

पण रस्ता रुंद होतो तसा तो उंचही होतो, आणि त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. निपाणीच्या उत्तरेला यमगर्णीला वेदगंगा आहे. पाटगाव धरणाखालनं ती येते. दूधगंगा काळम्मावाडीहून येते. दोघी पुढं एक होतात आणि येडूरजवळ कृष्णेला मिळतात. पावसाळ्यात या नद्या पात्रात मावत नाहीत, शेजारच्या रानात पसरतात. पसरणं हा त्यांचा स्वभाव आहे, त्यानंच ही काळी जमीन तयार झाली. त्या पसरण्याच्या जागेत आपण आडवा मातीचा भराव घातला आणि पाणी जायला पुलाखाली आणि मोऱ्यांत जागा ठेवली तेवढीच. मग भरावाच्या वरच्या अंगाला फुगवटा येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीला पाणी रस्त्यावर आलं. तिकडं कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी आलं आणि हा देशाचा महत्त्वाचा रस्ता जवळपास आठवडाभर बंद पडला. हजारो ट्रक उभे. आपल्या गावागावांतनं पोरांनी ड्रायव्हर लोकांना जेवण पोचवलं. ते ड्रायव्हर तमिळ, पंजाबी, राजस्थानी, कुठकुठले. २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच. लोकांची मागणी साधी आहे, पूरपट्ट्यात भराव नको, खांबांवरचा पूल द्या. खर्च जास्त येतो, हे खरं. पण ज्याचा ऊस आठ दिवस पाण्याखाली राहतो त्याच्या खर्चाची बेरीज कुठल्याच अंदाजपत्रकात नसते.

आता कोगनोळी. टोलनाका म्हणून तुम्ही ओळखता. पण काही दिवस असे येतात की तो टोलनाका राहत नाही. कोरोनात तिथं तपासणी नाका होता. चाचणीचा कागद नाही म्हणून माणसं परत पाठवली. त्यात कोल्हापूरला औषधपाण्याला निघालेले होते, आणि पलीकडं लग्न ठरलेलेही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला. बेळगावच्या पुढं हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकवर दगड पडले. दोन्हीकडच्या एसटी बंद झाल्या. महाराष्ट्रातनं येणाऱ्या नेत्यांना दूधगंगेच्या पुलापाशी अडवलं. टीव्हीवर तुम्ही पुढाऱ्यांची ढकलाढकल बघितली. मी बसस्टँडवर बसलेल्या पोरी बघितल्या. कोल्हापूरच्या कॉलेजात जाणाऱ्या. दोन-तीन दिवस त्यांचं कॉलेज बुडालं, एकीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. दगड मारणाऱ्याला ट्रकचा नंबर दिसतो. ट्रकमधला माल इथल्याच शेतकऱ्याचा असू शकतो, हे दिसत नाही. आपल्याही बाजूनं कधी कर्नाटकच्या बसला काळं फासलं जातं, त्या बसमध्ये निपाणीची मराठी म्हातारी बसलेली असते. मला टाळ्या नकोत, हे ऐकून घ्या.

शेवटचा विषय, आणि माझ्या मते आजचा सगळ्यात कामाचा. जमीन.

महामार्गाला जमीन लागते तेव्हा केंद्राचा तोच १९५६ चा कायदा लागतो. त्याचं कलम ३-ए. त्याखाली आधी अधिसूचना निघते की अमुक गावातली, अमुक सर्व्हे नंबरमधली जमीन घ्यायचा विचार आहे. ती राजपत्रात येते, आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं पाहिजे. ती छापल्या दिवसापासून हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात, कलम ३-सी. बाविसाव्या दिवशी गेलात तर साहेब चहा पाजेल, अर्ज घेणार नाही. हरकतींची सुनावणी झाली की कलम ३-डी ची अधिसूचना निघते, आणि ती निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली. तुमच्या हातात पैसे आलेत का नाहीत, हा त्यात प्रश्नच नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. ३-ए नंतर वर्षभरात ३-डी निघाली नाही, तर पहिली अधिसूचना रद्द होते. कोर्टानं स्थगिती दिली असेल तर तो काळ वर्षात धरत नाहीत. त्यामुळं तारखा लिहून ठेवा.

मोबदला कमी वाटला तर लवादाकडं जाता येतं, कलम ३-जी. आणि १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या जमिनीलाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणं मोबदला द्यावा लागतो. म्हणजे बाजारभाव, ग्रामीण भागात त्यावर गुणक, आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. "साहेब म्हणाले एवढंच मिळतं" असं घरी येऊन सांगू नका. हिशोबाचा कागद मागा.

आता स्थानिक भाषेचा मुद्दा. कायदा म्हणतो स्थानिक भाषेतलं वर्तमानपत्र. कुठली स्थानिक, ते म्हणत नाही. आपल्याकडं नोटीस कन्नड पेपरात येते, आणि आपल्या घरात मराठी पेपर येतो. २१ दिवस असेच जातात. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेलं एक तत्त्व आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही छापाव्यात. त्यावर लक्ष ठेवायला घटनेच्या कलम ३५०-बी खाली आयुक्त आहे. त्याला पत्र लिहिता येतं, लिहा. पण ते उत्तर येईपर्यंत २१ दिवस थांबत नाहीत. म्हणून मी तुम्हाला सांगतो, प्रत्येक गावात एका तरी पोरानं किंवा पोरीनं रोज कन्नड पेपरातलं जाहिरातीचं पान बघायचं. तुम्हाला कन्नड वाचता येतं. तुमच्या आजोबांना येत नव्हतं. ती शाळेत शिकलेली लिपी इथं वापरा, त्यात कमीपणा कसला?

आणि उतारा. कर्नाटकात २००० च्या सुमाराला 'भूमी' योजनेत सगळे उतारे संगणकावर गेले, कन्नडमध्ये. मराठी आडनावं लिहिताना काही ठिकाणी घोटाळे झाले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं सांगतो. आजोबांचं नाव उताऱ्यात एक, आधारला दुसरं, आणि मेल्यानंतरची वारसा नोंद केलेलीच नाही. जमिनीचा तुकडा रस्त्यात गेला. मोबदला मंजूर झाला, आणि कार्यालयानं सांगितलं, हा माणूस आणि तुमचा आजा एकच कशावरनं? चार भाऊ, दोन आत्या, सगळ्यांच्या सह्या, प्रतिज्ञापत्रं. पैसे निघायला चार वर्षं गेली. तोवर शेजारच्या प्लॉटचा भाव दुप्पट झाला होता. शेत गेलं आणि त्या पैशात दुसरं शेत येईना. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासला तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली. झुंजायला आधी कागद सरळ लागतो.

संयोजकांना मी काल फोन करून सांगितलं होतं की येताना सगळ्यांना घरचा उतारा आणायला सांगा. किती जणांनी आणलाय? हात वर करा. बरं, अकरा जण. ज्यांनी आणलाय त्यांनी चहानंतर इकडं खिडकीपाशी या. आधी नाव वाचू, मग क्षेत्र, मग वारस. ज्यांनी आणला नाही त्यांनी फोन करून घरनं फोटो मागवा. तलाठी ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं, आता अडीच वाजलेत.